ऑइल पेंटिंग आणि ठाण्याची हवा: या चुका टाळा

गणपतीत सोसायटीच्या प्रदर्शनात चित्र लावायचं म्हणून जुलैत कॅनव्हास आणणारे लोक दरवर्षी भेटतात, आणि ऑगस्ट संपता संपता सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो, हे अजून चिकटच लागतंय, काय करू?" काही करू नका. ऑइल कलर पाण्यासारखा उडून जात नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, वर पावसाळा, अशा दमट हवेत ते काम रेंगाळतंच. व्हिडिओतला माणूस कुठल्यातरी थंड कोरड्या गावात बसून "तीन दिवसांनी दुसरा थर द्या" सांगतो, ते ऐकून इथे घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये थर चढवायला घेतले की झालं कल्याण.

त्यावर हेअर ड्रायर मारायचा हा तर हमखास प्रकार. त्याने वर दुधावर धरते तशी साय धरते, आत ओलंच राहतं, आणि पुढे तिथे सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा पंखा लांबून लावा, एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा आणि कॅनव्हास भिंतीला चिकटवून न ठेवता मागूनही हवा खेळू द्या. सगळे रंग एका वेगाने सुकत नाहीत हेही लक्षात घ्या. बर्न्ट अंबरसारखे मातीचे रंग लवकर धरतात, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) मात्र अंत बघतात. म्हणून खालच्या थराला अंबर वापरा आणि काळा शेवटी, तोही हात राखून.

थरांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पाळत कोणी नाही. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरच्या प्रत्येक थरात तेल थोडं जास्त. उलटं केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला तडे जातात, तेही आज नाही, चित्र कोणाला तरी भेट देऊन झाल्यावर. ॲक्रिलिकवर (म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगावर) ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक अजिबात नाही.

आता तेलाबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे लोक भयंकर प्रयोग करतात. रंग घट्ट वाटला म्हणून किचनमधलं शेंगदाणा तेल, काही जण तर चक्क खोबरेल घालतात. ही तेलं सुकतच नाहीत, चित्र वर्षभराने पण बोटाला लागेल आणि त्यावर उपाय एकच, खरवडून काढा. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेलही नको, ते दारं-खिडक्यांसाठी ठीक आहे, चित्रात पिवळं-तपकिरी पडतं. आर्टच्या दुकानातली रिफाइंड लिनसीडची, म्हणजे जवसाच्या तेलाचीच, छोटी बाटली घ्या, ती पुष्कळ पुरते. शेंगदाणा तेल ब्रशमधला रंग काढायला मात्र छान, वन बीएचकेमध्ये टर्पेंटाइनच्या वासाने घरचे ओरडत असतील तर आधी तेलाने पुसा, मग साबणाने नीट धुवा, तेल ब्रशमध्ये राहता कामा नये.

आणि एक सिरीयस गोष्ट. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या, टिश्यू यांचा बोळा करून बाल्कनीतल्या डस्टबिनमध्ये टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, काडी लावावी लागत नाही. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

रंगांचं बोलायचं तर फ्लेमिंगोंचं उदाहरण घेऊ, कारण नवी मुंबईत ब्रश धरलेला प्रत्येक जण कधी ना कधी फ्लेमिंगो काढतोच. आणि बबलगमसारखे गुलाबी काढतो! एकदा सीवूड्स नाहीतर ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला जाऊन बघा. लांबून बरेचसे पक्षी मळकट पांढरेच दिसतात, गुलाबी खरा पेटतो तो पंख उघडल्यावर. आणि त्याला उठाव देतो तो चिखल. तो चिखल काळ्या रंगाने केला की मेला. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळा, त्यात पांढरा, ऊन असेल तिथे कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा), पाणी साचलंय तिथे निळा जरा पुढे. हा राखाडी नीट जमला की त्याच्यावर ठेवलेला साधा फिका गुलाबी पण झगमगतो. येऊरच्या हिरव्याचंही तेच, ट्यूबमधला हिरवा थेट लावलात तर प्लास्टिकची झाडं दिसतात, त्यात थोडी सिएना ढकला. पॅलेटवर पांढरा सोडून तीनपेक्षा जास्त रंग एकत्र घोटले की मात्र सगळं मळतं, ते परत उजळत नाही, पॅलेट नाइफने काढून टाका आणि नवीन करा.

फोनच्या फोटोवरून काढताना सावल्या काळ्याकुट्ट येतात, डोळ्याला तिथे निळं-जांभळं दिसत असतं. फोटो ठेवा, पण जागेवर पेन्सिलने चार ओळी लिहून आणा, उजेड कुठून, सर्वात गडद काय. प्रेरणेसाठी नुसतं पिंटरेस्ट बघणाऱ्यांनी पॅरिसचे ओले रस्ते पुरे केले तर बरं होईल, मासुंदा तलावावर संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा काय कमी रिफ्लेक्शन असतात? रविवारी लोकल पकडून जहांगीरला जा, 1952 पासून ती गॅलरी आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. चित्राच्या समोर नाही, बाजूला उभं राहून बघा, थर कुठे जाड, कुठे कॅनव्हास उघडा सोडलाय ते कळतं. राजा रविवर्मा कॉपी करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, घराघरात लागलेली ती छापील चित्रं, 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या प्रेसपासून चालत आलेली, मूळ ऑइलचे रंग नव्हेत.

रात्री काम करत असाल तर पिवळा बल्ब टाळा, सकाळी चित्र भलतंच दिसतं. 5000 केल्विनच्या आसपासचा (दिवसासारखा पांढरा उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा एलईडी घ्या आणि पॅलेट नि कॅनव्हास एकाच उजेडात ठेवा.

चित्रात मधेच निस्तेज डाग दिसले तर रंग चुकला समजून परत थापू नका, खालच्या थराने तेल पिऊन टाकलंय. थर बोटाला कोरडा लागला की कणभर लिनसीड कापडाने चोळा, जादाचं पुसून घ्या, रंग परत वर येतो, पण हे त्या जागी पुढे काम करायचं असेल तरच. व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, आणि पावसाळ्यात मुळीच नाही, पांढुरकं धुकं बसतं. चित्र काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं तर अंधारात तेल पिवळं पडतं आणि मागून बुरशी येते. पिवळेपणा काही आठवडे उजेडात, थेट उन्हात नव्हे, ठेवल्यावर बराच उतरतो. बुरशी असेल तर मास्क लावून बाहेर उघड्यावर मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. कॅनव्हास सैल पडलाय वाटलं तर पावसाळा संपेपर्यंत थांबा, बऱ्याचदा ऑक्टोबरच्या उन्हात तो आपोआप ताणतो, नाहीच ताणला तर मागच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोका. आणि पुढच्या गणपतीचं चित्र दिवाळी झाली की सुरू करा.