हुद्दा म्हणजे लेव्हल नव्हे: पात्रांना बढती देताना या चुका टाळा

देवळालीला तोफखान्याचं स्कूल, त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी, नाशिकरोडला विभागीय आयुक्तांचं कार्यालय. हुद्द्यांची उतरंड बघायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. तरी आपल्याकडच्या रोल-प्लेइंग टेबलांवर, म्हणजे एकत्र बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळात, लेफ्टनंटचा कर्नल होतो, तो केवळ एक्सपी (अनुभवाचे गुण) साठले म्हणून. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात चांगली कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) फुकट जाते.

लेव्हल, म्हणजे एक्सपीवर वाढणारी ताकद, पात्राच्या अंगात असते. हुद्दा मात्र वरून कुणीतरी देतं आणि त्याबरोबर कामही बदलतं. आपल्या लष्करात कॅप्टन व्हायला 2 वर्षं, मेजर व्हायला 6 आणि लेफ्टनंट कर्नल व्हायला 13 वर्षं कमिशन्ड सेवा लागते. पुढे कर्नलसाठी निवड मंडळ बसतं, आणि जागा थोड्या असल्यामुळे भले भले अधिकारी तिथेच अडतात. शौर्यासाठी हुद्दा नाही, पदकं आहेत.

गंगापूर रोडच्या एका टेबलावर मी पाहुणा म्हणून बसायचो. कॅम्पेन तोफखान्याची होती. एका मुलाचा लेफ्टनंट रात्रीच्या हल्ल्यात तोफा वाचवतो, असा सुंदर प्रसंग घडला. मुलगा बढतीसाठी हटून बसला आणि गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) त्याला मेजर केलं. पुढच्या विजयानंतर थेट कर्नल, म्हणजे रेजिमेंटचा सीओ (कमांडिंग ऑफिसर)! आता त्याच्या हाताखाली तीन बॅटऱ्या (तोफांच्या तुकड्या), अठरा तोफा. बाकीचे खेळाडू नायक आणि हवालदार या खालच्या हुद्द्यांवर, ते एका तोफेपाशी. सीओ काही त्यांच्याबरोबर रात्री गस्तीला जाणार नाही. मग हा मुलगा मुख्यालयात बसून वायरलेसवर अहवाल ऐकायचा आणि बाकीचे त्याच्याशिवाय खेळायचे. तो कंटाळून यायचा बंद झाला, पाठोपाठ कॅम्पेनही बंद पडली. ज्याला लाडाने वर चढवलं, त्याच्याच हातातला खेळ गेला.

अशा वेळी मी हुद्द्याला हात लावत नाही, जबाबदारी वाढवतो. लेफ्टनंट लेफ्टनंटच राहतो, पण त्याला पुढच्या टेकडीवर ऑब्झर्वेशन पोस्टला, म्हणजे तोफांना नेम कळवायच्या टेहळणीच्या जागी, पाठवतो. आता त्याच्या एका चुकीच्या आकड्याने गोळे आपल्याच माणसांवर पडू शकतात. यात बढतीपेक्षा कितीतरी जास्त नाट्य आहे. युद्धकाळातली कथा असेल आणि वरचा अधिकारी पडला असेल, तर ॲक्टिंग रँक (तात्पुरता हुद्दा) द्या. ती परत काढून घेता येते.

दुसरी चूक म्हणजे सुभेदार गाळून टाकणं. शिपायाच्या वर थेट कॅप्टन! नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही मधली फळी म्हणजे पलटणीचा कणा. सुभेदार कोवळ्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो, आणि तोच लेफ्टनंट त्याला 'सुभेदार साहब' म्हणतो. कागदावर वरचढ एक, अनुभवाने दुसरा. एवढा तयार ताण हाताशी असताना तो न वापरणं हा निव्वळ आळस आहे.

पोलीस पात्रांत तर फारच घोळ. पंचवटी शहर आयुक्तालयात येते, तिथे एसीपी (सहायक आयुक्त) आणि डीसीपी (उपायुक्त). सिन्नर ग्रामीणमध्ये, तिथे एसपी (अधीक्षक). सिन्नरच्या ठाण्यात डीसीपी घुसवू नका. आपल्याकडे पीएसआय (उपनिरीक्षक) आणि पीआय (निरीक्षक) यांच्यामध्ये एपीआय (सहायक निरीक्षक) असतो, तोही विसरू नका.

महसुलात तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) हा क्रम पाठ करा. तलाठ्याचा एका सेशनमध्ये प्रांत करू नका, बस्स.

कलेक्टर आणि ब्रिगेडियर यांच्यात मोठा कोण, हा वाद प्रत्येक टेबलावर होतो. दोन्ही शिड्या वेगळ्या आहेत. बेकायदा जमाव पांगवायला जिल्हा दंडाधिकारी या नात्याने कलेक्टर लष्कराची मदत मागू शकतो, पण जमाव कसा पांगवायचा हे तिथला लष्करी अधिकारी ठरवतो, आणि त्यानेही कमीत कमी बळ वापरायचं असतं. या मर्यादेवर दोन खेळाडूंना समोरासमोर बसवा, संध्याकाळ रंगते.

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या 1682 च्या वेढ्यावर खेळणाऱ्यांनी कॅप्टन-मेजर घरी ठेवावेत. शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत (गडावरच्या शिबंदीचा प्रमुख) आणि सबनीस (हिशेब ठेवणारा) असे तिघे कारभारी, आणि तिथला हवालदार गडाचा मुख्य. त्याच्या बाहीवर आजच्या हवालदाराच्या तीन फिती चिकटवू नका.

नवीन मुलं पहिल्याच दिवशी मेजर मागतात. मी देत नाही. पात्राच्या कागदावर आधी दोन नावं लिहून घेतो: हा कुणाचा हुकूम ऐकतो आणि याचा हुकूम कोण ऐकतं. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर ते पात्र शिपाई म्हणून सुरू होतं.