भजनाला गिटार-ड्रमची साथ: आधी पट्टी, मग जोर

अमळनेर असो की मुक्ताईनगर, भजनी मंडळाला गिटार, बेस आणि ड्रमची साथ बसवायची असेल तर एक गोष्ट आधी ठरवा: रॉक भजनाच्या मागून चालेल. बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यानं हेच केलं. १९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातल्या भक्तांचा 'हरे कृष्ण' मंत्र त्यानं बीटल्सच्या ॲपल कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला, तेव्हा मंत्राची आवर्तनं तशीच राहू दिली. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्याच्या सुरुवातीला दोनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) आलटून पालटून वाजत राहतात, आणि मागचा कोरस 'हालेलुया'वरून 'हरे कृष्ण'वर येतो. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी धृपद धरायचं, ही तर आपली रोजची रीत.

पेटी ऐनवेळी गिटारला मिळवता येत नाही. गिटारच पेटीला मिळवायची. जुन्या पेट्या थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात. सूर मोजणाऱ्या ट्यूनर ॲपमध्ये ४४० हा आकडा असतो, तो सफेद सहाच्या सुराची कंपनसंख्या. पेटीतला सफेद सहाचा सूर दाबून धरा, काटा मध्यावर येईपर्यंत तो आकडा वरखाली करा आणि त्यावरच सहाही तारा लावा. गायकाची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी आकाराचे कॉर्ड धरा. काळी दोनला कॅपो तिथेच, आकार डी. सफेद चारला कॅपो तिसऱ्या पडद्यावर, आकार डी.

सगळ्यात जास्त घोळ गंधारावर होतो. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो. अभंग भैरवीतला असेल तर गायकाचा गंधार कोमल. दोन्ही एकत्र वाजले की सूर खुपतो आणि गायक अडखळतो. म्हणून गंधार गाळून फक्त सा आणि प वाजवा. रॉकवाले यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावला तरी तो स्वच्छ राहतो. त्याचा जोर ठरवणारा गेन दहापैकी तीनवर पुरे. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे सा-म घ्या. बेसनं षड्ज धरून ठेवावा, समेवर ठसठशीत. खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणातल्या अहिराणी गाण्यांना तर कॉर्ड बदलूच नका, एक षड्ज शेवटपर्यंत चालू द्या. बायकांच्या आवाजातला ठसका त्यावर फार छान उठतो.

ड्रमरनं हाय-हॅटला (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला) हात लावू नये. वरच्या पट्ट्यातला आवाज टाळांनी आधीच भरलेला असतो, त्यात झांजेची भर पडली की शब्द बुडतात. किक (पायानं वाजवायचा मोठा ढोल) समेवर आणि पाचव्या मात्रेवर, बाकी टॉमवर (हातानं वाजवायच्या छोट्या ढोलांवर). क्लिक ट्रॅक (एकाच लयीत टिकटिकणारा ठोका) नको: भजनाची लय चढत जाते आणि ती टाळकरी ठरवतात. ड्रमर टाळकऱ्यांना बघत बसला पाहिजे. दुगुनीला (लय दुप्पट होते तिथे) सगळ्यांनी एकाच समेवर उडी घ्यायची, ती जागा आधी बोलून ठेवा.

खानदेशातलं ऊन विसरू नका. कोरड्या उन्हात पखवाजाची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, गिटारच्या तारा मात्र तापून उतरतात. वाद्यं अर्धा तास आधी मांडवाच्या सावलीत ठेवून मग मिळवा. श्रावणात उलटं, दमट हवेनं पुडी सैल पडते. हातोडी जवळच असू द्या.

पेटीचा माइक भात्यापासून लांब आणि स्वरांच्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. गिटारचा ॲम्प गायकाच्या माइककडे तोंड करून नको, शिट्टी मारेल.