साष्टी बेट एका दिवसात, गाडी आणि गाइड करून

मी गेली बावीस वर्षं पिवळ्या पाटीची गाडी चालवतो, दादरहून. ‘मुंबई दर्शन’ म्हटलं की पार्टीला गेटवे, राणीचा हार म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि हाजी अली, एवढंच हवं असतं. हल्ली मी आपणहून विचारतो, ‘बेट आडवंउभं बघायचंय का?’ पुण्याचे एक काका म्हणाले, ‘कुठलं बेट?’ अहो, हेच! माहीमची खाडी ओलांडली की साष्टी सुरू. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत साधारण ३५ किलोमीटर.

आधी पैशाचं बोला, मग निसर्गाचं. भाडं ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ असं ठरतं. या दौऱ्याला किलोमीटर जेमतेम पुरतात, तास पुरत नाहीत. म्हणून दहा-बारा तासांचा दर आधीच विचारा. मीटर तुमच्या दारापासून धरणार की ‘गॅरेज टू गॅरेज’, हेही मेसेजवर लिहून घ्या. गाडी पनवेलहून आली तर तो प्रवास तुमच्याच बिलात येतो. आणि दहिसरचा टोल लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तरी एखादा बिलात लावतो. तसा लावला तर हसून काट मारा.

गाइड वेगळा घ्या. ‘ड्रायव्हरच सांगेल सगळं’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मला गाडी सोडून डोंगर चढता येत नाही. आमच्याबरोबर एक ताई येतात, त्यांना लेण्यांतल्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचता येते.

सोमवार सोडून कुठलाही वार. हे मी पोळून शिकलोय: एकदा नागपूरचे सहाजण घेऊन बोरिवलीला पोचलो, तर राष्ट्रीय उद्यानाला टाळं. सोमवार! त्या दिवशी अर्धं भाडं सोडलं आणि बायकोचे बोल पूर्ण ऐकले.

निघायचं साडेसहाला. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे धावते, आपण उत्तरेकडे, संध्याकाळी उलट. या दौऱ्याचं खरं गुपित तेवढंच. माहीमचा कॉजवे लागला की काच खाली करा. हा रस्ता १८४५ साली झाला, तोही लेडी अवाबाई जमशेटजींच्या पैशातून. तोवर इथे होडीशिवाय गत नव्हती.

पहिला थांबा अंधेरीचा गिल्बर्ट हिल. इमारतींच्या दाटीत काळ्या दगडाचे सरळसोट खांब एकमेकांना चिकटून उभे, सुमारे ६१ मीटर उंच. लाव्हा थिजून झालेले, सहा कोटी वर्षांहून जुने. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, खांब खालूनच छान दिसतात.

मग बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी, आणि इथे अडीच तास काढाच. लोक तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात जातात, व्हरांड्यातल्या दोन अजस्र बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही वर चढा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि बऱ्याच लेण्यांच्या बाहेर पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. ताई मुलांना खाली बसवतात, कातळात खोदलेली बोटभर रुंदीची पन्हळ दाखवतात आणि बाटलीतलं घोटभर पाणी तिच्यात ओततात. पाणी वळण घेत बरोबर टाक्याकडे जातं. पोरं दहा मिनिटं तिथून हलत नाहीत. पावसाळ्यात हे आपसूक दिसतं, पण तेव्हा शेवाळावर चप्पल घालून जाऊ नका. आणि केळी गाडीतच ठेवा. माकडांना पिशवीचा आवाज कळतो.

जेवण बोरिवलीत, जिथे गर्दी असेल तिथे. डबा आणलात तर माझ्या गाडीत खाऊ नका, एवढी विनंती.

दुपारी मंडपेश्वर. शंकराचं लेणं, आत नटराज; पोर्तुगीजांनी त्याच्यावरच चर्च बांधलं, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. आत एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. एकाच कातळाने दोन्ही देव सांभाळले. अर्धा तास पुरे.

गोराईचा पॅगोडा, पवई, आरे हे सगळं ‘जाता जाता’ म्हणून कोंबू नका. तसं कोंबलं की दिवस सिग्नललाच जातो.

चारच्या सुमारास घोडबंदरचा रस्ता धरा. वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाजवळ जाम लागेलच, तेवढा वेळ धरूनच चाला. घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडलेला हा घोडबंदरचा किल्ला लहान आहे, पण जागा मोक्याची. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी १७३७ साली घेतली, वसई १७३९ साली. त्या दोन वर्षांचा नकाशा इथे डोळ्यांपुढे उभा राहतो. खाली खाडीचं पाणी, पलीकडे वसई.

पुण्याचे काका तटापाशी उभे राहिले, पाण्याकडे बघत म्हणाले, ‘खरंच बेट आहे की हो!’ मग चहा विचारला. चहा खाली नाक्यावर मिळतो.