असिंक लिहिलं म्हणजे कोड पळायला लागत नाही

ज्युनियर मुलांचे कोड रिव्ह्यू करताना एक समज मला सारखा भेटतो: असिंक (म्हणजे उत्तर येईपर्यंत अडकून न बसता दुसरं काम करू देणारा कोड) लिहिलं की काम फास्ट होतं. तसं नसतं. डेटाबेस उत्तराला 300 मिलिसेकंद घेत असेल तर तेवढे घेणारच. फक्त तेवढ्या वेळात तुमचा थ्रेड (प्रोग्रामचं काम एकामागून एक करणारा धागा) हातावर हात ठेवून बसत नाही, दुसऱ्या रिक्वेस्टकडे बघतो. म्हणून कुठलीही ओळ लिहिताना आधी विचारा, इथे नुसती वाट बघायची आहे की सीपीयू राबणार आहे? नेटवर्क, डिस्क, डेटाबेस म्हणजे वाट बघणं. फोटोंचं रिसाइझिंग किंवा लाखो नोंदींचं सॉर्टिंग म्हणजे राबणं. असं फंक्शन तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये लिहून त्याला असिंक जोडलंत, तरी नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामं एकेक करून उचलणारं चक्र, अडकतोच. तिथे वर्कर थ्रेड, म्हणजे असं काम बाजूला करणारे वेगळे थ्रेड, लागतात.

शिकायला सुरुवात अवेटपासून (निकाल येईपर्यंत फंक्शनला तिथेच थांबवणारा शब्द) करू नका, असं माझं मत. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस (पुढे येणाऱ्या निकालाची जागा धरून ठेवणारी वस्तू) 2015 च्या आवृत्तीत आलं, असिंक-अवेट 2017 च्या. (सी शार्पमध्ये ते 2012 पासून आहे, आणि सी शार्पवाले हे ऐकवायची संधी सोडत नाहीत.) अवेटच्या खाली प्रॉमिसच असतं, त्यामुळे ते कळलं नाही तर डीबगिंगला बसल्यावर काहीच उलगडत नाही.

चार ओळींचा एक प्रयोग करा. पहिली ओळ ‘एक’ छापते. दुसरी शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमध्ये (ठरावीक वेळाने कोड चालवणारा टायमर) ‘दोन’. तिसरी आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या देनमध्ये (निकाल आल्यावर चालणारा भाग) ‘तीन’. चौथी सरळ ‘चार’. चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहा. छापलं जातं एक, चार, तीन, दोन. चालू कोड संपेपर्यंत मध्ये कुणी घुसत नाही. मग मायक्रोटास्कची, म्हणजे प्रॉमिसच्या देनसारख्या कामांची, रांग रिकामी होते आणि त्यानंतर टायमरचा नंबर लागतो. हे का, ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की बराच पल्ला गाठलात.

रिव्ह्यूत पुन्हा पुन्हा सापडणारी गोष्ट म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले तीन एपीआय कॉल, तिन्ही एकाखाली एक अवेट केलेले. प्रत्येकी 300 धरले तर 900 मिलिसेकंद गेले. प्रॉमिस डॉट ऑलने, म्हणजे तिन्हींची एकदम वाट बघून, तेच साधारण 300 मध्ये आटपतं. पण त्यातला एक फसला की ऑल लगेच एरर देतं आणि बाकीचे कॉल रद्द न होता मागे चालूच राहतात. प्रत्येकाचा निकाल हवा असेल तर ऑलसेटल्ड वापरा. आणि फॉरइचमध्ये अवेट टाकू नका, ते कुणासाठी थांबत नाही. साधा फॉर-ऑफ लूप बरा.

पायथनवाल्यांसाठी एवढंच, की असिंक फंक्शनात टाइम डॉट स्लीप किंवा रिक्वेस्ट्स लायब्ररी आली की अख्खा लूप थांबतो.

एरर हाताळणी मात्र पहिल्या दिवसापासून करा. नोडच्या 15 व्या आवृत्तीपासून कुणीच न पकडलेलं रिजेक्शन (फसलेल्या प्रॉमिसची एरर) आख्खी प्रोसेस बंद पाडतं. अवेट लिहायचा राहिलेला एखादा कॉल बाहेरच्या ट्राय-कॅचच्या हाती लागत नाही. तो शोधायला टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा) ‘नो फ्लोटिंग प्रॉमिसेस’ हा नियम टाइपस्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये लगेच चालू करून घ्या.