देवमाशांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

दरवर्षी निकाल लागले की कराड, मिरज, विटा या भागांतील काही विद्यार्थी देवमाशांच्या संशोधनाविषयी विचारायला येतात आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न स्कूबा डायव्हिंग कोठे शिकावे, हाच असतो. देवमाशांचा आणि त्यांच्याच गटातल्या डॉल्फिनसारख्या प्राण्यांचा अभ्यास मुख्यतः पाण्याच्या वर, बोटीच्या टपावरून दुर्बिणीने आणि त्यानंतर कितीतरी महिने संगणकासमोर बसून होतो. पोहता आलेच पाहिजे. स्कूबासाठी साठवलेले पैसे आणि वेळ मात्र आधी संख्याशास्त्रात घालावेत. त्यासाठी लागणारी ‘आर’ ही संगणकीय भाषा आणि नकाशांचे ‘क्यूजीआयएस’ ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात, पण त्यांची छायाचित्रे काढून मित्रांना दाखवता येत नाहीत, हीच बहुधा अडचण असावी.

देवमाशांची स्वतंत्र पदवी शोधत बसणे ही दुसरी चूक. प्राणीशास्त्र, संख्याशास्त्र, मत्स्यविज्ञान यांपैकी कोणत्याही वाटेने डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणी पोहोचता येते. किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्याचे शवविच्छेदन करायला पशुवैद्यच लागतो, त्यामुळे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यानेही आपण चुकीच्या शाखेत आलो असे समजू नये.

माझा खरा राग आहे तो प्राणी दिसला तेवढीच नोंद करण्याच्या सवयीवर. दोन तासांत डॉल्फिनचा एक कळप दिसणे आणि वीस तासांत एक दिसणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. किती वेळ पाहिले आणि किती अंतर कापले हे लिहिले नसेल, तर दिसलेल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. कोकण किनाऱ्यावरील एका सर्वेक्षणात एक हुशार, उत्साही मुलगा होता. कुबड्या (हम्पबॅक) डॉल्फिनच्या पाठपरांची त्याने काढलेली छायाचित्रे इतकी स्वच्छ होती की परांवरील खाचांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येत होता. हंगामाच्या अखेरीस वही उघडली, तर तिच्यात फक्त प्राणी दिसल्याच्या नोंदी होत्या. निरीक्षण केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, समुद्र कसा होता, यांपैकी काहीही नव्हते. बॅटरी वाचवण्यासाठी त्याने जीपीएसचा मागही बंद ठेवला होता. तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, डिझेलच्या हिशेबावरून अंतर काढण्याचा केविलवाणा प्रयत्नही करून पाहिला गेला. शेवटी घनतेच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती प्राणी आहेत याच्या, अंदाजातून तो सगळा हंगाम वगळावा लागला आणि तोवर पावसाळा तोंडावर आलेला असल्याने पुन्हा समुद्रात जाणेही शक्य नव्हते.

म्हणून मी शिसपेन्सिलीने, दर अर्ध्या तासाला, काही दिसो वा न दिसो, एक ओळ लिहितो: वेळ, स्थान, ब्यूफोर्ट मापनावर (वाऱ्याचा जोर आणि लाटा यांच्या श्रेणीवर) समुद्राची स्थिती, पाण्यावरची चकाकी आणि त्या वेळी कोण पाहत होते. काही दिसले नाही, तर शून्य. मोबाइलवरील ॲप वापरायला माझी हरकत नाही, परंतु केवळ त्यावर विसंबणाऱ्याला मी बोटीवर घेत नाही. लाटांवर सर्वत्र पांढरे तुरे उठू लागले की मोजणी थांबवावी, कारण पाठीवर पर नसलेला पोरपॉइज हा डॉल्फिनसारखा लहान प्राणी त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासा होतो.

समुद्र दूर आहे, ही सबब सांगलीच्या मुलाने तरी सांगू नये. भिलवडी-औदुंबर परिसरात कृष्णाकाठी हिवाळ्यात मगरी उन्हाला येतात. एकच पट्टा ठरवून, सुरक्षित अंतरावरून, ठरलेल्या वेळी मोजणी करावी आणि रिकाम्या सकाळीही वही भरावी. कंटाळा आल्यास तो घराजवळ आलेला बरा.

उलटीची गोळी बोटीवर चढण्यापूर्वी घ्यावी. दुर्बीण सात-बाय-पन्नासची, म्हणजे सातपट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगाची, घ्यावी. अधिक शक्तीची हलत्या बोटीवर नुसती थरथरते. पैसे भरून परदेशात ‘स्वयंसेवक’ होण्याआधी तिथे गोळा होणाऱ्या माहितीचे पुढे काय होते, हे विचारावे.

मच्छीमारांशी बोलताना मात्र घाई मुळीच नको. जाळ्यात अडकून होणारे मृत्यू हा या प्राण्यांपुढचा मोठा धोका आहे आणि त्याची माहिती बंदरावरच मिळते. तरीही नवखे विद्यार्थी पहिल्याच वाक्यात ‘तुमच्या जाळ्यात डॉल्फिन मरतात का?’ असे विचारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी संरक्षित आहेत, हे तांडेलाला ठाऊक असते. तो ‘नाही’ म्हणतो आणि तीच नोंद होते. आधी जाळ्याचा आस (छिद्रांचा आकार), डिझेल, बांगड्याचा भाव यांवर बोलावे. मराठीत हे सहज जमते, आणि बाहेरून येणाऱ्या संशोधकांच्या तुलनेत आपल्या मुलांची ही जमेची बाजू आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू किनाऱ्याला लागले, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. असा जिवंत प्राणी दिसल्यास प्रथम वन विभागाला कळवावे आणि गर्दी हटवावी. शेपटीला धरून ओढू नये. अंगावर ओले कापड टाकावे, मात्र डोक्यावरील श्वासाचे छिद्र उघडे ठेवावे व त्यात पाणी जाऊ देऊ नये. मृत प्राण्याचे हाड किंवा किनाऱ्यावर सापडलेले अंबरग्रीस (स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा मेणासारखा पदार्थ) आठवण म्हणून घरी आणू नये. तो गुन्हा आहे.