व्हिडिओ सर्चमध्ये वर आणायचा असेल, तर शीर्षक चित्रीकरणाआधी ठरवावे

चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन वाचकाला जमते असे मी गृहीत धरते आणि थेट मुद्द्यावर येते. यूट्यूबच्या किंवा गूगलच्या सर्चमध्ये व्हिडिओ वर यावा म्हणून जे सल्ले दिले जातात, त्यांतले बरेचसे टॅगांविषयी (व्हिडिओ चढवताना वेगळ्या रकान्यात लिहायच्या शब्दांविषयी) असतात आणि ते खुशाल विसरावेत. टॅगांसाठी एकूण ५०० अक्षरांची जागा मिळते म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगांचा वाटा अत्यल्प असून, लोक एखादा शब्द टाइप करताना नेहमी चुकतात तिथेच त्यांचा उपयोग होतो, हे यूट्यूबने स्वतःच आपल्या मदतपानांवर स्पष्ट केले आहे.

खरी अडचण शब्द निवडण्याची असते आणि तिथे मी स्वतः बराच काळ ठेचकाळले. शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर मी चौदा मिनिटांचा एक व्हिडिओ केला आणि त्याला ‘शिलाई मशीनची निगा : संपूर्ण मार्गदर्शन’ असे भारदस्त नाव दिले. ज्याचे मशीन अडले आहे, तो ‘निगा’ हा शब्द शोधायला जात नाही. त्याच्या बोटांत तुटलेला दोरा असतो आणि तो ‘मशीनचा दोरा सारखा का तुटतो’ असे टाइप करतो. हे मला कळले ते अ‍ॅनालिटिक्समुळे, म्हणजे यूट्यूब चॅनेलमालकाला दाखवते त्या आकडेवारीमुळे. प्रेक्षक कोठून आले हे दाखवणाऱ्या भागात ‘यूट्यूब सर्च’ उघडले की लोकांनी कोणते शब्द टाइप केले त्यांची यादी दिसते. माझ्या यादीत दोराच दोरा होता, आणि दोऱ्याचा विषय व्हिडिओत नवव्या मिनिटाला सुरू होत होता. प्रेक्षक कुठपर्यंत टिकले हे दाखवणारा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळलेला होता आणि नवव्या मिनिटापाशी त्याला एक लहानसा उंचवटा आला होता. चिकाटीने थांबलेली मोजकी माणसे पुढे सरकवत सरकवत तिथे पोहोचली होती.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी ब्राउझरची खासगी विंडो उघडून (म्हणजे स्वतःच्या जुन्या शोधांची सावली पडत नाही) शोधपट्टीत विषयाचा एकच शब्द टाइप करावा, थांबावे आणि खाली येणाऱ्या सूचना जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. मग दोन-तीन पर्यायांची तुलना गूगल ट्रेंड्समध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) करावी. मात्र तिथे ‘वेब सर्च’ऐवजी ‘यूट्यूब सर्च’ निवडायला विसरू नये, कारण लोक वाचायला जे शोधतात तेच पाहायला शोधतात असे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आपण पूर्णपणे देऊ शकतो, तोच प्रश्न घ्यावा आणि एका व्हिडिओत एकच घ्यावा. शीर्षकाला १०० अक्षरांची मुभा असली तरी फोनच्या पडद्यावर त्याचे शेपूट कापले जाते, त्यामुळे प्रश्नातले मुख्य शब्द आरंभीच यावेत. माझ्या दुसऱ्या, चार मिनिटांच्या व्हिडिओचे नाव ‘शिलाई मशीनचा दोरा तुटतो? आधी ताण तपासा’ असे होते.

शीर्षक ठरले की पहिली तीस सेकंदे आपोआप ठरतात, आणि इथेच लोक सर्वाधिक चुकतात. फिरणारे बोधचिन्ह, संगीत, नमस्कार आणि सबस्क्राइब करण्याची विनंती हे सगळे संपेपर्यंत दोरा तुटलेला माणूस दुसऱ्याच्या व्हिडिओवर गेलेला असतो. यूट्यूबने २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा पाहिल्या गेलेल्या वेळेला अधिक महत्त्व दिले आहे, म्हणून भडक शीर्षकाने ओढून आणलेला आणि लगेच परतलेला प्रेक्षक काही मिळवून देत नाही. माझ्या व्हिडिओत पहिल्याच दृश्यात सुईजवळ तुटलेला दोरा दिसतो आणि वरच्या दोऱ्याचा ताण कमी करणारी चकती कुठे आहे, ते पहिल्याच वाक्यात सांगितले जाते. वाकलेली सुई आणि चुकीची ओवणी ही पुढची कारणे त्यानंतर येतात.

एक इशारा. जुना व्हिडिओ काढून सुधारलेला पुन्हा चढवण्याचा मोह आवरावा. एकदा चढवलेली फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. नवा दुवा मिळतो आणि आधीची दर्शने, प्रतिक्रिया व इतरांनी दिलेले दुवे सगळे वाया जातात. मी हे एकदा केले आणि पस्तावले. सुरुवातीचे पाल्हाळ कापायचेच असेल, तर यूट्यूब स्टुडिओ या चॅनेल सांभाळण्याच्या साधनातल्या एडिटरने ते जागच्या जागी छाटता येते.

उरलेली कामे सोपी आहेत. थंबनेल (यादीत व्हिडिओच्या जागी दिसणारे चित्र) १२८० गुणिले ७२० पिक्सेलचे करावे आणि फोनवर अंगठ्याएवढे करून वाचता येते का ते पाहावे. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत उत्तराचा गाभा लिहावा. तिथे टॅगांचा ढीग ओतणे नियमाविरुद्ध आहे. वर्णनात प्रकरणांच्या (व्हिडिओच्या नावे दिलेल्या भागांच्या, म्हणजे चॅप्टर्सच्या) वेळा देताना पहिली वेळ ०:०० हीच असावी, किमान तीन प्रकरणे असावीत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचे असावे. पहिली वेळ ०:०५ लिहिल्यामुळे माझी प्रकरणे कितीतरी दिवस दिसतच नव्हती. आपोआप तयार झालेली उपशीर्षके (सबटायटल्स) एकदा वाचून दुरुस्त करावीत. व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायचा असेल, तर त्याला स्वतंत्र पान द्यावे, कारण लांबलचक मजकुराच्या तळाशी चिकटवलेला व्हिडिओ गूगल त्या पानाचा मुख्य ऐवज मानत नाही.

त्यानंतर महिनाभर हात लावू नये. मग शोधशब्दांची यादी पुन्हा उघडावी आणि शीर्षक बदलायचे ठरलेच, तर जुने शीर्षक व बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी. आलेख कशामुळे हलला हे नंतर आठवणीवरून सांगता येत नाही.