तालुक्यात पत्रकारिता करायचीय? मग आधी कागद जमवा

तालुका वार्ताहर म्हणून काम सुरू करणाऱ्या पोरापोरींना मी पहिलं हेच सांगतो की बातमी नंतर, आधी पेपरकडून नियुक्तीपत्र घ्या. बहुतेकांच्या गळ्यात नुसतं आयकार्ड, पगार नाही, जाहिरातीच्या कमिशनवर काम, आणि उद्या कुणी हात टाकला की मालक म्हणणार हा आमचा माणूसच नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधातला कायदा आपल्या विधिमंडळात २०१७ ला पास झाला, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालच्या अधिकाऱ्याकडे नाही, ऐकायला भारीये सगळं, पण त्यात पत्रकार म्हणजे माध्यम संस्थेत नोकरीला किंवा कंत्राटावर असलेला माणूस. ते पत्रच नसेल तर पहिल्याच पायरीवर अडकलात. पत्र देत नसतील तर निदान मेलवर दोन ओळी तरी मागा.

मग आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. त्याचा नमुना जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "वाळू उपसा का थांबवला नाही?" असलं विचारू नका, 'का'ला उत्तर येत नाही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत किती पंचनामे झाले, त्यांच्या प्रती द्या, दंड वसूल केल्याच्या पावत्या द्या, असं मागा. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका, आणि प्रत्येक वेळी पोच घ्या.

बातमी लावायच्या आधी ज्याच्याबद्दल आहे त्याला प्रश्न लेखी पाठवा, व्हॉट्सॲपवर पाठवले तरी स्क्रीनशॉट ठेवा, उत्तर दिलं नाही तर तेही बातमीत लिहा. याचं कारण बदनामी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, २ वर्षांपर्यंत कैद, आणि खूप जणांना वाटतं की खरं छापलं म्हणजे सुटलो, तसं नाहीये, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. वकिलाची नोटीस आली तर घाबरून पोस्ट उडवू नका, फोनवर माफी तर अजिबात मागू नका. ती नोटीस आहे, कोर्टाचा हुकूम नाही. आपल्या वकिलाकडून लेखी उत्तर द्या. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये केलं त्यात तसंच राहू द्या, फॉरवर्ड झालेली क्लिप कोर्टात फार टिकत नाही.

आता सोर्स, म्हणजे आतून माहिती देणारा माणूस. सोर्सचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही असं १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे खरं, पण ते पेपरांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या कौन्सिलपुढे, कोर्टात नाही. म्हणून नाव फोनमध्ये सेव्हच नको. कागद छापताना नीट बघा, कोपऱ्यात पेनाने लिहिलेला आवक नंबर असतो, बाजूला कुणाची तरी सही असते, त्यावरून कुठल्या टेबलावरून निघाला ते ऑफिसात पाच मिनिटांत कळतं आणि त्या बिचाऱ्या क्लार्कची बदली गडचिरोलीला. फोटो टाकण्यापेक्षा मजकूर टाईप करून वापरा.

धमकी आली तर "असं चालतंच" म्हणून सोडू नका. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे, फेब्रुवारी २०२३, रिफायनरीवरची बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले. तक्रार लेखीच द्या, धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट. ठाण्यात एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर बोळवण करतात, तेव्हा एक प्रत एसपी ऑफिसला स्पीड पोस्टाने टाका. पत्रकार संघाला कळवा, अर्थात ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालताना ज्याच्या हातून शाल घेतली तोच नेता समोर असेल तर संघ किती बोलेल हे तुम्हीच ओळखा.

आणि सगळ्या कागदांचा एक सेट दुसऱ्या तालुक्यातल्या भरवशाच्या पत्रकाराकडे ठेवा, बातमी काय आहे ते त्याला सांगून, म्हणजे तुम्हाला गप्प केलं तरी ती तिकडून छापून येईल.